पानिपताहून परतलेला मुलगा

वाळूजच्या मोठ्या रस्त्यावर पहाटे पाचला उभे राहून पाहा. कारखान्यांच्या पहिल्या पाळीला अजून वेळ असतो. कडेला ट्रक रांगेने उभे असतात. ड्रायव्हर लोक आत झोपलेले असतात. आणि अंधारातून धापा टाकीत पोरे पळत येतात. एक गेला, दोन गेले, मग पाच-सहा जणांचा घोळका. ही पोरे फौजेत भरती होण्यासाठी पळतात. भरतीच्या वेळी सोळाशे मीटर अंतर ठरलेल्या मिनिटांत पळून दाखवावे लागते. म्हणून ती रोज पळतात, थंडी नाही, पाऊस नाही.

यांतल्या कित्येकांना अजून धड मिसरूडही फुटलेले नाही. 2022 साली सरकारने अग्निपथ नावाची योजना आणली. तिच्यात साडेसतरा वर्षे पुरी झाली की मुलाला भरतीला उभे राहता येते.

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा याच पोरांचा विषय निघाला. कुणी म्हणाले, "फौजेत गेलं की पोरगं वळणावर येतं." कुणी म्हणाले, "पगार मिळतो, गावात मान मिळतो." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तेवढ्यात मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या,

"ताई, माझा मामा एकोणिसाव्या वर्षी सरहद्दीवर होता. गोळीबार पाहिला त्यानं. परत आला तेव्हा हातपाय धड, अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण दिवाळीत फटाके वाजू लागले की मामा आतल्या खोलीत जातो अन् दार लावून घेतो. रात्री ओरडत उठतो. घरची माणसं हसतात. म्हणतात, फौजी माणूस अन् लवंगी फटाक्याला भितो! असं का हो होतं, ताई? मामा भित्रा आहे का?"

वर्ग गप्प झाला. कुणी हसले नाही.

त्या बाईंना आम्ही लगेच उत्तर दिले नाही. आम्ही त्यांना एका मुलाची हकीकत सांगितली. तीच इथे जरा सविस्तर लिहितो. मुलगा आपल्याच महाराष्ट्रातला. ज्या फौजेबरोबर तो लढाईला गेला, ती फौज आपल्याच मराठवाड्यातून निघाली होती. आणि आपल्यावर काय गुदरले ते त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. त्या काळच्या फार थोड्या माणसांनी असे लिहिले. म्हणून ही हकीकत मोलाची.

पानिपत हे नाव आपल्याला नवे नाही. धंद्यात बुडालेला माणूस म्हणतो, "माझं पानिपत झालं." कुणावर विश्वास ठेवायला सांगितले तर एखादी म्हातारी चटकन म्हणते, "विश्वास तर गेला पानिपतात!" हे बोल कुठून आले? पेशव्यांच्या थोरल्या मुलाचे नाव विश्वासराव होते. तो पानिपतच्या लढाईत मारला गेला. तेव्हा त्याचे वय होते अठरा वर्षे.

ही गोष्ट सुरू होते परतूरपासून. वाळूजहून निघालो की संभाजीनगर, तिथून जालना आणि पुढे परतूर. आज ते जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे. मार्च 1760 मध्ये तिथे मराठ्यांच्या फौजेचा मोठा तळ पडला होता. महिन्याभरापूर्वी उदगीरला निजामावर जय मिळाला होता. फौज खुशीत होती. तेवढ्यात उत्तरेतून वाईट बातमी आली. अफगाणिस्तानचा बादशहा अहमदशहा अब्दाली हिंदुस्थानात उतरला होता. दिल्लीजवळ यमुनेच्या काठी, बुराडी घाटावर, दत्ताजी शिंदे पडले होते. त्यांचा पुतण्या जनकोजी जखमी झाला होता. जनकोजीही विशीच्या आतलाच.

पेशव्यांनी चुलतभावाला, म्हणजे सदाशिवरावभाऊंना, उत्तरेकडे पाठवायचे ठरवले. बरोबर विश्वासराव. आणि त्यांच्याच बरोबर निघाला आपल्या गोष्टीतला मुलगा, बाळाजी जनार्दन भानू. सगळे त्याला नाना म्हणत. जन्म 12 फेब्रुवारी 1742, साताऱ्याचा. विश्वासरावाच्याच वयाचा. चौदाव्या वर्षी बाप गेला आणि घराण्यातली फडणिशी या पोरावर आली. फडणीस म्हणजे सरकारी जमाखर्च पाहणारा. पुढे हाच नाना फडणवीस म्हणून प्रसिद्ध झाला. पण ते पुढे. आत्ता तो एक अंगाने किरकोळ, देवाधर्माची आवड असलेला मुलगा आहे.

तुम्ही म्हणाल, हिशेबनीस तो शिपाई कसला? बरोबर आहे. त्याचे काम लेखणीचे होते. पण तो उभा होता तो सेनापतीच्या जवळ, रणाच्या ऐन मध्यावर. तिथे गोळी कुणाला 'तू लेखणीवाला की तलवारवाला' असे विचारीत नाही.

आणखी एक गोष्ट आज आपल्याला नवलाची वाटेल. नानाबरोबर त्याची आई होती आणि बायकोही होती. उत्तरेत मथुरा, वृंदावन अशी तीर्थक्षेत्रे. फौजेच्या सोबतीने गेले की वाटेत चोराचिलटांचे भय नाही. म्हणून हजारो माणसे, बायकामुले, फौजेबरोबर यात्रेला निघाली. मोहीम म्हणजे जणू मोठी वारीच, असे त्यांना वाटले असावे.

फौजेत मोठ्या नावांची ही दोन-तीन पोरे होती. पण बिननावाची किती असतील! शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा स्वार. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. त्यांच्यामागे घोडे खाजवणारी, चंदी घालणारी, पाणी भरणारी, गवत कापून आणणारी माणसे. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजीरोटी मेली. आपण आज कर्ज काढून टेंपो घेतो, तसा तो घोडा घेत असे. अशा घरांतली कोवळी पोरे बापाबरोबर, काकाबरोबर निघाली असतील. त्यांनी लिहून ठेवले नाही, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. नानाला येत होते. म्हणून त्याच्या डोळ्यांनीच आपल्याला या सगळ्या पोरांचे दुःख पाहावे लागते.

ऑगस्टात मराठ्यांनी दिल्ली घेतली. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला. पण अब्दाली यमुना उतरून मागे येऊन बसला. दक्षिणेची वाट बंद झाली. ऑक्टोबर सरता सरता फौजेने पानिपत गावापाशी खंदक खणून तळ ठोकला. तो अडीच महिने. सुरुवातीला चकमकी होत. मग रसद तुटली. डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. दाणा नाही, वैरण नाही. घोडे तडफडून मेले. उत्तरेतली हाडे गोठवणारी थंडी. दख्खनच्या माणसाला ती ठाऊकच नव्हती.

याच डिसेंबरात पेशवे आपल्या पैठणला होते. तिथे त्यांचे दुसरे लग्न लागले. हे आम्ही त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या वेळी तार नव्हती, फोन नव्हता. पानिपताहून निघालेले पत्र पोचायला कित्येक दिवस लागत, आणि वाटेत शत्रू ते पकडीत असे. पण लढाईची ही एक खूण ध्यानात ठेवा. तिकडे पोर उपाशी बसलेले असते आणि इकडे मांडवात वाजंत्री वाजत असतात. दोघांनाही एकमेकांचे ठाऊक नसते. पुढे ते पोर परत आले, तरी ही दरी भरून निघत नाही.

14 जानेवारी 1761. बुधवार. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे ठरवून फौज बाहेर पडली. सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी अफगाणांची फळी फोडली. दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकलेले होते. मग विश्वासरावाला गोळी लागली आणि तो पडला. भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. हत्तीची अंबारी रिकामी दिसली. फौजेला वाटले, सगळे संपले. जो तो वाट फुटेल तिकडे पळू लागला.

सकाळी जो मित्र शेजारी होता, तो दुपारी मेला. सकाळी जो सेनापती हुकूम देत होता, तो दुपारी दिसेनासा झाला. नानाला अठरा पुरी होऊन एकोणिसावे सरत आले होते. त्याच्यापुढे एकच काम उरले. पळणे.

त्याने अंगावरचे चांगले कपडे टाकून दिले. कारण भरजरी कपडा दिसला की लुटारू आधी त्यालाच गाठीत. बरोबर घरोब्याची, ओळखीची माणसे होती. मागून अफगाण स्वार येत, कापाकापी करीत आणि पुढे जात. असे एकदा नाही, पुन्हा पुन्हा झाले. बरोबरचे कुणी मारले गेले, कुणी जखमी झाले, कुणाची चुकामूक झाली. नाना उंच गवतात शिरून निजून राहिला. गवताबाहेर घोड्यांच्या टापा वाजत आहेत, ओळखीचे आवाज किंचाळत आहेत आणि आपण श्वास धरून पडलेलो आहोत. हे एक क्षणभर मनात आणून पाहा.

मग रात्रीचे चालणे. पायी, अनवाणी. पोटात अन्न नाही. झाडाची पाने खाल्ली. वाटेत कुणाला दया आली, त्याने शिधा दिला, तेव्हा पोटात घास गेला. ज्या मुलाच्या सहीने सरकारी खजिन्याचा हिशेब चाले, तो मुलगा मूठभर पिठासाठी हात पसरीत होता. असा तो रेवाडी, डीग करीत मराठ्यांच्या माणसांत आला. डीगच्या बाजूला सूरजमल जाट राजाचे राज्य होते. त्याने आणि त्याच्या प्रजेने पळून आलेल्या हजारो माणसांना अन्न दिले, वस्त्र दिले, जखमा बांधल्या. ते उपकार महाराष्ट्राने विसरू नयेत.

पुढे नानाला कळले, बायको जिवंत आहे. आई मात्र मिळाली नाही. त्या पळापळीत ती मागे राहिली आणि मरण पावल्याचीच बातमी पुढे कानी आली. तिचे शेवटचे दर्शन नाही, हातून अग्नी नाही. आणि तिला त्या मुलखात आणले कुणी? तीर्थयात्रा घडवावी म्हणून मुलाच्याच मोहिमेबरोबर ती आलेली. हा काटा मुलाच्या काळजात किती खोल रुतला असेल, ते आम्ही सांगायला नको.

नानाने हे सगळे आपल्या छोट्या आत्मचरित्रात लिहिले आहे. त्यात आपली बढाई नाही. मी चार मारले, दहा मारले, असे काही नाही. मी भ्यालो, मी लपलो, मी भुकेलो, माझी आई गेली, असेच आहे. आमच्या मते हीच त्या लिहिण्याची थोरवी. लढाईवरून आलेली माणसे दोन प्रकारची असतात. एक पुष्कळ बोलतात, एक गप्प बसतात. खरे ते सांगणारे थोडे.

आता दुसऱ्या एका माणसाचे ऐका. हा पोर नव्हता, तिशीतला होता. महादजी शिंदे. पानिपतावरून तोही पळाला. एक अफगाण स्वार त्याच्या मागे लागला. महादजीची घोडी चांगली, दख्खनी, चपळ. अफगाणाचा घोडा जड, थोराड. तरी तो काही केल्या पाठ सोडीना. महादजी पुढे जाई, मागे वळून पाही, तर तो येतोच आहे. शेवटी घोडी खड्ड्यात पडली. अफगाणाने परशूचा घाव पायावर घातला, घोडी नेली, अंगावरचे नेले आणि त्याला तसाच टाकून गेला. राणेखान नावाच्या एका पाणक्याने त्याला पाहिले. त्याने आपल्या बैलावर घालून त्याला सुखरूप आणले. महादजीने त्या पाणक्याला पुढे भाऊ म्हटले आणि फौजेत मोठा केला.

पाय कायमचा लंगडा झाला. पण महादजी हरला नाही. दहा वर्षांनी, 1771 साली, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली, तीत त्याचा मोठा हात होता. उत्तर हिंदुस्थानात त्याच्या नावाचा दरारा बसला. अशा या शूर सरदाराने म्हातारपणाकडे झुकल्यावर पामर नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याला एक गोष्ट सांगितली. इंग्रज इतिहासकारांनी ती नोंदून ठेवली आहे. महादजी म्हणे, अजून मला झोपेत तो अफगाण दिसतो. माझी घोडी पळते आहे आणि तो आपला थोराड घोडा घेऊन मागून येतोच आहे.

ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या बाई एकदम म्हणाल्या, "म्हणजे मामासारखंच की!"

होय. मामासारखेच.

असे का होते? आपल्या रानातले उदाहरण घेऊ. समजा, उसाच्या फडात कुणी बिबट्या पाहिला. समोर, दहा पावलांवर. जीव वाचला, घरी आला. पुढे महिनाभर वाऱ्याने पाचट हलले तरी त्याचे काळीज उडते. त्याला ठाऊक असते की वारा आहे. पण शरीर वाट पाहत नाही. छाती धडधडते, पाय पळायला लागतात. आपल्या डोक्यात जणू एक जागल्या बसवलेला आहे. धोका दिसला की तो हाळी देतो. ती हाळी आली म्हणून तर माणूस वाचतो. बिबट्या गेला की हा जागल्या हळूहळू निवांत होतो. पण ज्याने महिनोन् महिने मरण जवळून पाहिले, त्याचा जागल्या निवांत होतच नाही. लढाई संपली, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. फटाका वाजला, हाळी. दार आपटले, हाळी. रात्री डोळा लागला की स्वप्नात पुन्हा तेच रण.

कोवळ्या वयात हे अधिक खोल जाते, असे डॉक्टर सांगतात. माणसाचा मेंदू विशी उलटल्यावरही काही वर्षे घडतच असतो. मडके ओले असताना बोट लागले तर ठसा राहतो, तसेच हे.

पहिल्या महायुद्धात, म्हणजे 1914 ते 1918 या काळात, तोफांच्या माऱ्याखाली राहिलेले कितीतरी शिपाई थरथर कापू लागले. कुणाची वाचा गेली, कुणाला दिसेना, आणि अंगावर जखम मात्र नाही. डॉक्टर त्याला 'शेल शॉक' म्हणू लागले. पण सगळ्यांनाच डॉक्टर भेटला नाही. जे पळून गेले किंवा रणातून मागे हटले, त्यांतल्या पुष्कळांना भित्रे ठरवले. ब्रिटिशांच्या फौजेत कित्येकांना त्यांच्याच लोकांनी गोळ्या घातल्या. त्यांत विशीच्या आतली पोरेही होती. जवळजवळ नव्वद वर्षांनी, 2006 साली, ब्रिटिश सरकारने अशा 306 शिपायांना माफी दिली. मेलेल्यांना माफी! पण घरच्यांच्या कपाळावरचा डाग तरी पुसला. या आजाराला आज जे नाव आहे, ते 1980 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पक्के केले. नाव लांबलचक आहे, 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर'. पाठ करायची गरज नाही. जबर धक्क्यानंतर मनाला राहिलेली जखम, एवढे समजले तरी पुरे.

आता नानाकडे परत येऊ. त्याचे पुढे काय झाले?

तो फार मोठा झाला. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राज्य सावरणाऱ्यांत तो पुढे होता. पाव शतकाहून अधिक काळ पुण्याचा कारभार त्याच्या सल्ल्याने चालला. 13 मार्च 1800 रोजी तो वारला. पण हयातीत आणि नंतरही त्याला एक बोल लागला. नाना भित्रा, नानाला तलवार धरवत नाही. इंग्रजांनी लिहिले, आपल्या लोकांनीही लिहिले.

आम्हाला हा बोल पटत नाही. नाना काळजी घेणारा होता, संशयी होता, चहूकडे हेर ठेवी, हे खरे. लढाई टाळता आली तर टाळी. पण एकोणिसाव्या वर्षी ज्याने गवतात पडून आपल्या माणसांच्या किंकाळ्या ऐकल्या, त्याला लढाईची हौस कुठून राहावी? पानिपतामुळेच त्याचा स्वभाव असा झाला, असे आम्ही छातीठोक म्हणणार नाही. माणसाच्या मनाचा असा सरळ हिशेब लागत नाही. पण भित्रा म्हणण्याआधी तो गवतातला मुलगा आठवावा, एवढे मात्र म्हणू.

त्याच्यावर एक विचित्र प्रसंगही आला. सदाशिवरावभाऊ मेले, ही खात्री पुष्कळांना पटलेली नव्हती. त्यांची पत्नी पार्वतीबाई पानिपताहून वाचून आल्या होत्या. त्यांनी नवरा गेला असे कधीच मानले नाही. शेवटपर्यंत कुंकू पुसले नाही. बावीस वर्षे त्या तशा राहिल्या आणि 1783 साली वारल्या. मधल्या काळात एक माणूस उठला. म्हणाला, मीच तो भाऊ. हजारो लोक त्याच्यामागे लागले. लोकांना तो भाऊ असावा असेच वाटत होते. ज्यांची पोरे परत आली नव्हती, त्यांना तर वाटणारच. भाऊ परत येऊ शकतात, तर आपला का नाही? 1776 साली या तोतयाला पकडून मारले गेले, आणि त्या वेळी कारभार नानाच्या हाती होता. पंधरा वर्षांपूर्वी ज्याने खऱ्या भाऊंना रणात दिसेनासे होताना पाहिले होते, त्यालाच हा निवाडा करावा लागला.

स्वतः पेशव्यांना बातमी कळली ती नर्मदेपलीकडे, भेलशाजवळ, एका सावकाराच्या पत्रातून. मोती, मोहरा अशा गुप्त भाषेत त्यात मेलेल्यांचा हिशेब होता. पेशवे परतले ते खचूनच. 23 जून 1761 रोजी पर्वतीवर ते वारले. त्यांना कुणी तलवार मारली नव्हती.

आज कायदा बराच पुढे आला आहे. मुलांना लढाईत उतरवू नये, असा जगातल्या राष्ट्रांनी 2000 साली करार केला. भारताने तो 2005 साली मान्य केला. अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय शिपायाला लढाईच्या भागात पाठवले जात नाही, असे आपल्या सरकारने त्यात लिहून दिले आहे. हे चांगलेच झाले. पण अठरा वर्षे आणि एक दिवस, याने काळजाला कवच चढत नाही, हेही आपण नानाच्या वयावरून समजून घ्यावे.

त्या बाईंनी शेवटी विचारले, "मग आम्ही करायचं काय?"

आम्ही म्हणालो, पहिले म्हणजे हसू नका. दिवाळीत शेजारच्या पोरांना सांगा, लांब जाऊन फटाके उडवा. मामांना आधी कळवा, आता वाजणार आहेत. अवचित आवाजाचाच त्रास जास्त. रात्री ते ओरडत उठले तर अंगाला हात लावून हलवू नका. झोपेत त्यांना तो शत्रूचा हात वाटेल. दोन पावले दूर उभे राहून नावाने हाक मारा, दिवा लावा, घर आपलेच आहे हे दिसू द्या. खोदून खोदून विचारू नका. सांगितले तर ऐका. मध्येच "जाऊ द्या, झालं ते झालं," म्हणू नका. झोप येत नाही म्हणून दारूचा पेला जवळ केला असेल तर तो दारू पितो म्हणून भांडण्याआधी तो का पितो, ते पाहा.

आणि डॉक्टरला दाखवा. यात लाज नाही. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात मनाच्या आजारांचा विभाग आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय माजी सैनिकांसाठीच आहे, तिथेही विचारावे. सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये टेलिमानस नावाची फोनसेवा सुरू केली. नंबर 14416. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. या दुखण्यावर बोलून करायचे उपचार आहेत, गोळ्याही आहेत. पुष्कळांना उतार पडतो. सगळ्यांना सारखा पडेल असे नाही. महादजीसारखे एखादे स्वप्न जन्मभरही राहते. पण पहाटे उठल्यावर शेजारी कुणी तांब्याभर पाणी घेऊन बसलेले असेल, तर ते स्वप्न सोसवते.

ही हकीकत आम्ही त्या बाईंना मोठ्या अक्षरांत चार कागदांवर लिहून दिली. त्या नुकत्या जोडाक्षरे शिकल्या होत्या. एक एक शब्द बोटाने धरून वाचीत. पंधरा दिवसांनी वर्गात आल्या तेव्हा आम्ही विचारले, "वाचलंत का?"

"मामाला वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या कागदापर्यंत काहीच बोलला नाही. भिंतीकडं तोंड करून बसला होता. मग म्हणाला, त्या पोराची आई सापडली का गं शेवटी?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही मामा, नाही सापडली. तर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, पुढचा कागद वाच."